बार्सिलोनाला गेल्यावर काय करावें?

(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं मला परदेशांतील एका नगरीविषयीं बोलण्यास सांगण्यांत आलें आहे. विषय कित्येकांना प्रसंगाशीं विसंगत वाटेल. परंतु तो तसा नाहीं, हें शेवटीं आपल्या ध्यानांत येईल. हल्लीं आपल्या लोकांपैकीं पुष्कळ मंडळी लुर्ड, फातिमा आणि रोम येथील यात्रेला जातात. ह्या यात्रेच्या वाटेवर भूमध्य समुद्राच्या कांठीं स्पेन देशांतील बार्सिलोना नगरी लागते. वेळापत्रकांत तिच्या वांट्याला बहुधा एक दिवस येतो, कधीं कधीं अर्धाच. मोटार उभी राहते, मंडळी खालीं उतरतात, छायाचित्रें काढतात आणि पुन्हां मोटारींत चढतात. तेथें काय काय पाहावें याची यादी कोणीही देईल. तेथें गेल्यावर काय करावें, एवढेंच सांगण्याचा मी प्रयत्न करतों.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे: ह्या नगरींतील सर्वांत सुंदर मंदिरें सामान्य माणसांच्या दानानें आणि श्रमानें उभीं राहिलीं आहेत. म्हणून तेथें थोडीं स्थळें पाहावीं, परंतु प्रत्येक स्थळीं थांबावें, आणि हें कोणाच्या घामानें उभें राहिलें, असें विचारावें.

प्रथम उन्हाविषयीं. भूमध्य समुद्रावरचें ऊन स्वच्छ आणि प्रखर असतें. उन्हाळ्यांत भर दुपारीं हिंडूं नये. सकाळीं लवकर निघावें, दुपारीं सावलींत बसावें, आणि संध्याकाळीं पुन्हां बाहेर पडावें. तेथील लोकांचीही दिनचर्या अशीच आहे. त्यांचें दुपारचें जेवण दोन वाजतां आणि रात्रीचें नऊच्या सुमारास होतें. सात वाजतां जेवण मागणारा पाहुणा रिकाम्या खानावळींत एकटाच बसतो. डोक्याला टोपी असावी, आणि देवळांत जावयाचें असल्यामुळें खांदे व गुडघे झांकणारा वेष असावा.

आतां पहिलें स्थळ. जुन्या शहरांतील अरुंद गल्ल्यांतून बंदराच्या दिशेनें गेलें म्हणजे ‘सांता मारिया देल मार’, अर्थात् समुद्राच्या मरियामातेचें देऊळ लागतें. १३२९ सालीं त्याचा पाया घातला गेला आणि १३८३ मध्यें काम पुरें झालें. एवढें मोठें देऊळ सुमारें ५५ वर्षांत पुरें होणें ही त्या काळीं फार मोठी गोष्ट होती. तें राजानें बांधलें नाहीं. बंदरावरील व्यापारी, नावाडी आणि हमाल ह्यांनीं तें आपलें म्हणून बांधलें. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनीं पैसा दिला. हमालांजवळ पैसा नव्हता; त्यांनीं माँज्युइक टेकडीच्या खाणींतून आलेले दगड आपल्या पाठीवर वाहून आणले. त्या उपकाराची आठवण म्हणून ओझ्याखालीं वाकलेल्या हमालांच्या लहान आकृति मुख्य दारावर बसविलेल्या आहेत. बहुतेक प्रवासी मान वर करून शिखराकडे पाहत आंत शिरतात आणि त्या आकृति तशाच राहून जातात. आपण तसें करूं नये. दाराशीं थांबून त्या हमालांना पाहावें, मगच आंत जावें.

आंत गेल्यावर बसावें. १९३६ सालीं स्पेनमधील यादवी युद्धाच्या आरंभीं ह्या देवळाला आग लावण्यांत आली. आंतील वेदी, चित्रें आणि कोरीव लांकूडकाम जळून गेलें. आज आपल्याला दिसतात ते उंच, अष्टकोनी, उघडे खांब आणि रंगीत काचांतून येणारा प्रकाश. जें जळलें त्याचें दुःख आहेच. परंतु हमालांनीं आणलेला दगड मात्र तसाच राहिला आहे.

ह्याच भागाशीं संत इग्नेशियस ह्यांचेंही नांव जोडलेलें आहे. १५२४ ते १५२६ ह्या काळांत ते बार्सिलोनांत राहिले. वय तेहतिसाच्या आसपास, पूर्वायुष्य शिपाईगिरींत गेलेलें, आणि आतां लहान मुलांच्या बांकावर बसून लॅटिनचे पहिले धडे गिरवावयाचे! उदरनिर्वाहासाठीं ते भिक्षा मागत, आणि ह्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून मागत, अशी परंपरा आहे. वयाची सबब सांगून शिकण्याचें टाळणाऱ्या आपल्यासारख्यांनीं त्या पायऱ्यांवर घटकाभर बसावें.

तेथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर मुख्य कॅथीड्रल आहे. तें पवित्र क्रूस आणि संत युलालिया ह्यांना अर्पण केलेलें आहे. युलालिया ही तेरा वर्षांची मुलगी; रोमन बादशहाच्या छळांत तिनें ख्रिस्तासाठीं प्राण दिला, अशी श्रद्धा आहे. तिची समाधि वेदीच्या खालच्या तळघरांत आहे. बाजूच्या चौकांत पाण्याच्या कुंडाशीं तेरा पांढरे हंसबदक पाळलेले दिसतात, ते तिच्या वयाच्या तेरा वर्षांची आठवण म्हणून. आपल्याबरोबर मुलें असतील तर त्यांना प्रथम तेथें न्यावें आणि बदकें दाखवून युलालियाची कथा सांगावी. कथा सांगितली नाहीं, तर मुलांच्या स्मरणांत केवळ बदकें राहतील.

कॅथीड्रलच्या मागें एक लहानसा चौक आहे, त्याचें नांव संत फिलिप नेरी. प्रवाशांचे तांडे त्याच्या जवळून जातात आणि पुष्कळदां आंत शिरत नाहींत. आपण शिरावें, आणि बोलणें बंद करावें. ३० जानेवारी १९३८ रोजीं यादवी युद्धांत येथें विमानांतून बाँब पडले. आश्रयाला आलेलीं ४२ माणसें मेलीं. त्यांत बहुतेक मुलें होतीं. देवळाच्या भिंतीवरील खड्डे आजही बुजविलेले नाहींत. तेथें छायाचित्र काढण्यापेक्षां मृतांसाठीं एक ‘आमच्या बापा’ म्हणणें अधिक योग्य.

ह्याच संत फिलिप नेरीच्या देवळांत एक वृद्ध शिल्पज्ञ रोज संध्याकाळीं प्रार्थनेला येत असत. त्यांचें नांव आंतोनी गौदी. ७ जून १९२६ रोजीं ते इकडे येत असतां वाटेंत ट्रामगाडीचा धक्का लागून पडले. अंगावरचे कपडे इतके साधे होते कीं लोकांना तो कोणी भिकारी वाटला. गरिबांसाठीं असलेल्या ‘सांता क्रेउ’ ह्या रुग्णालयांत त्यांना नेण्यांत आलें, आणि १० जून रोजीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं, ते वारले. अंत्ययात्रेला मात्र सारी नगरी लोटली.

ज्या मंदिरासाठीं हा पुरुष झिजला, तें ‘साग्रादा फामिलिया’, म्हणजे पवित्र कुटुंबाचें मंदिर. त्याची कल्पना प्रथम एका पुस्तकविक्रेत्याची. जुझेप मारिया बुकाबेल्या असें त्याचें नांव. संत जोसेफच्या भक्तांचा एक संघ त्यानें काढला होता. केवळ भाविकांच्या दानांतून प्रायश्चित्ताचें मंदिर बांधावें असें त्याच्या मनानें घेतलें, आणि १९ मार्च १८८२ रोजीं, संत जोसेफच्या सणादिवशीं, पायाचा दगड बसला. पुढच्याच वर्षीं काम गौदींकडे आलें; तेव्हां त्यांचें वय ३१ होतें. शेवटच्या वर्षांत त्यांनीं इतर सर्व कामें सोडलीं. पैसा संपला म्हणजे ते स्वतः दारोदार दान मागत. काम फार सावकाश चाललें आहे असें कोणी म्हटलें तर, आपल्या यजमानाला घाई नाहीं, असें ते म्हणत, अशी आख्यायिका आहे.

१९३६ मध्यें ह्या मंदिराचें तळघर आणि गौदींचे नमुने ह्यांचीही नासधूस झाली. फुटलेले तुकडे गोळा करून पुढच्या लोकांनीं काम चालविलें. ७ नोव्हेंबर २०१० रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं मंदिराचें पवित्रीकरण केलें. १४ एप्रिल २०२५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं गौदींना ‘वंदनीय’ ही पदवी देण्यास संमति दिली. ऑक्टोबर २०२५ मध्यें मधल्या शिखरानें जर्मनींतील उल्मच्या देवळाला उंचींत मागें टाकलें, आणि हें जगांतील सर्वांत उंच ख्रिस्तमंदिर ठरलें. येशू ख्रिस्ताच्या ह्या शिखराची उंची १७२.५ मीटर योजिलेली आहे. माणसाचें काम देवाच्या कामाहून उंच होऊं नये, म्हणून तें माँज्युइक टेकडीहून किंचित् ठेंगणें ठेवावें, अशी गौदींची इच्छा होती.

येथें काय करावें? प्रवेशपत्र आगाऊ घेऊन ठेवावें. आयत्या वेळीं गेलें तर परत फिरावें लागतें. पूर्वेकडे ख्रिस्तजन्माची बाजू आहे, पश्चिमेकडे दुःखसहनाची. सकाळचें ऊन निळ्या-हिरव्या काचांतून येतें, आणि संध्याकाळचें तांबड्या-नारिंगी काचांतून. झाडांसारखे फांटे फुटलेले खांब त्या प्रकाशांत पाहिले म्हणजे वनांत उभें असल्यासारखें वाटतें. ह्यांपैकीं एक वेळ निवडून निदान तासभर बसावें. रविवार मिळाला तर सकाळच्या पवित्र मिस्सेला लवकर जाऊन जागा मिळवावी; मिस्सेला प्रवेशाचें मोल नाहीं. आणि तळघरांत, जेथें गौदींना पुरलें आहे, तेथें जाऊन त्यांच्यासाठीं प्रार्थना करावी.

देहाचीही सोय पाहिली पाहिजे. ‘रांब्ला’ ह्या सावलीच्या रस्त्यावर ‘बुकेरिया’ नांवाचा मोठा बाजार आहे. त्याचें मूळ नांव संत जोसेफचा बाजार. कारण १८३५ सालीं जळालेल्या संत जोसेफच्या मठाच्या जागीं तो भरूं लागला. तेथें फळें घ्यावींत. पावावर पिकलेला टोमॅटो चोळून, जैतुनाचें तेल आणि मीठ घालून खाण्याची तेथें रीत आहे; इतका साधा आणि रुचकर पदार्थ क्वचित् मिळेल. संध्याकाळीं ‘बार्सिलोनेता’ ह्या जुन्या कोळीवाड्याकडे चालत जावें आणि समुद्राचा वारा घ्यावा. २४ सप्टेंबरच्या सुमारास गेलात, तर दयेच्या मातेचा सण सांपडेल. त्या वेळीं माणसांच्या खांद्यांवर माणसें चढवून रचलेले उंच मनोरे पाहावयास मिळतात. दहीहंडी पाहिलेल्या आपल्या लोकांना ते परके वाटणार नाहींत. मात्र तेथें शिखरावर हंडी नसते. एक लहान मूल वर चढून हात उंचावतें आणि खालीं उतरतें.

आणखी एक दिवस हातीं असेल, तर तो मॉन्सेराटला द्यावा. शहरापासून सुमारें ५० किलोमीटरवर करवतीच्या दात्यांसारखा हा डोंगर आहे. आगगाडीनें पायथ्याशीं जावें आणि तेथून दात्यांच्या रुळांवरून चढणाऱ्या लहान गाडीनें वर जावें. बेनेडिक्टाईन मठाच्या मंदिरांत मरियामातेची सांवळी मूर्ति आहे. मार्च १५२२ मध्यें, देवदूताच्या निरोपाच्या सणाच्या पूर्वरात्रीं, इग्नेशियस ह्यांनीं आपलीं उंची वस्त्रें एका भिकाऱ्याला दिलीं, तरवार आणि कट्यार मातेच्या वेदीपाशीं ठेविली, आणि रात्रभर जागरण केलें. मग ते जवळच्या मान्रेसा गांवीं गेले. तेथील गुहेंतील त्यांच्या प्रार्थनेंतून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकारास आला.

ह्या भूमीचें मुंबईवर ऋण आहे, हेंही सांगितलें पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन येशूसंघियांच्या जागीं स्पेनमधील येशूसंघी मुंबईला आले. त्यांपैकीं फादर हेन्री हेरास हे बार्सिलोनाचेच. १८८८ सालीं त्यांचा जन्म झाला, १९२२ मध्यें ते मुंबईला आले, आणि १९२६ मध्यें संत झेवियर महाविद्यालयांत त्यांनीं भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था स्थापिली. १९५५ सालीं त्यांनीं मुंबईंतच देह ठेविला. १९८१ मध्यें भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. त्यांच्या जन्मभूमींत आपण जातों तें ओळखीच्या घरीं जातों, असें समजावें.

आणि ओळखीच्या घरीं पाहुण्यानें कसें वागावें, हें आपल्याला ठाऊक आहे. ही गोष्ट मी कळकळीनें सांगतों. १६ लाखांहून अधिक वस्तीच्या ह्या नगरीला प्रवाशांची गर्दी आतां सोसवेनाशी झाली आहे. घरें प्रवाशांना भाड्यानें दिलीं जातात, भाडीं वाढतात, आणि गल्लींतला जुना रहिवासी बाहेर फेंकला जातो. जुलै १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, जुलै २०२४ मध्यें, नागरिकांनीं ह्याविरुद्ध मोर्चा काढला आणि कांहींनीं प्रवाशांवर पिचकाऱ्यांनीं पाणी उडविलें. नोव्हेंबर २०२८ पर्यंत प्रवाशांना भाड्यानें दिल्या जाणाऱ्या सुमारें १०,००० घरांचे परवाने संपविण्याचें तेथील नगरसभेनें जाहीर केलें आहे. म्हणून आपण परवान्याच्या खाणावळींत किंवा हॉटेलांत उतरावें. रात्रीं गल्ल्यांत मोठ्यानें बोलूं नये. गल्लींतल्या लहान दुकानांतून दोन जिन्नस घ्यावे. भेटेल त्याला ‘बोन दिया’ म्हणावें. त्यांच्या कातालान भाषेंत हें सकाळचें अभिवादन आहे. आपल्या भाषेवर प्रेम करणाऱ्या त्या लोकांना त्याचा फार आनंद होतो. आणि गर्दींत आपलें पाकीट सांभाळावें, हेंही व्यवहाराचें बोलणें राहूं नये.

मंडळी, महोत्सवाशीं ह्या सर्वांचा संबंध आतां सांगतों. बुकाबेल्या १८९२ सालीं वारला. त्यानें आपल्या मंदिराचें एकही शिखर पाहिलें नाहीं. गौदींनीं आपल्या हयातींत एकच शिखर पुरें झालेलें पाहिलें. महाद्वाराचें काम अद्याप बाकी आहे. तरी प्रत्येक पिढीनें आपल्या वांट्याचा दगड बसविला. आपलेंही देवळ ज्यांनीं बांधलें, त्यांतील कित्येकांचीं नांवें कोठल्याही फलकावर नाहींत. कोणी वाळू वाहिली असेल, कोणी लग्नांतल्या खर्चांतून चार रुपये काढून दिले असतील. बार्सिलोनाला जाणाऱ्यांनीं हमालांच्या त्या दारापाशीं उभें राहून आपल्याही अनाम पूर्वजांसाठीं एक प्रार्थना करावी, आणि परत आल्यावर आपल्या देवळाच्या उरलेल्या कामांत आपला हात लावावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.