हजेरीपटावरचे तांडेल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी "आता तांडेल बोलतील" असं निवेदकांनी म्हटल्यावर चार जण उठायला लागले, ते तुम्ही पाहिलंतच. आपल्या वर्गात आम्ही पाच तांडेल होतो. हजेरी घेताना सर नावापाठोपाठ वाडाही सांगायचे. पण तांडेल म्हणजे काय, हे कोणी कधी विचारलं नाही. होडीचा प्रमुख तो तांडेल, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पुढे नोकरीत परगावच्यांनी विचारलं तेव्हा मी थोडी शोधाशोध केली. हा शब्द मल्याळम आणि तेलुगूतही आहे. पाकिस्तानच्या ताब्यात सापडलेल्या श्रीकाकुळमच्या मच्छीमारांवर २०२५ मध्ये तेलुगू चित्रपट आला, त्याचं नावच तांडेल. इंग्रजांनी त्याचं 'टिंडल' केलं आणि आपल्या आगबोटींवर त्याला सारंगाच्या हाताखाली ठेवलं. सारंग हेही आपल्याकडे आडनाव आहेच. नाखवाही आहे, तो मूळचा फारसी नाखुदा, नावेचा धनी. १९५८च्या व्यापारी जहाजांच्या कायद्यात मात्र शिडाच्या जहाजाचा प्रमुख तो टिंडल, असंच म्हटलं आहे. ते वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

माझे बाबा आडनावाने तांडेल आणि कामानेही तांडेल. कधी निघायचं, जाळं कुठे टाकायचं, वारा फिरला तर केव्हा परतायचं, हे सगळं तेच ठरवत. उधाण आणि भांग त्यांना तिथीवरून कळायचे. दोरीला शिसं बांधून पाणी मोजायचे, "चौदा वाव", "सोळा वाव" असं. आणि किनाऱ्यावरच्या खुणा धरायचे. त्यांतली एक खूण म्हणजे आपली शाळा. शाळेचं कौलारू छप्पर आणि मागच्या टेकडीवरचं देऊळ एका रेषेत आलं की तिथे खडक. जाळं टाकायचं नाही. तुम्ही-आम्ही शाळा आतून पाहिली. बाबा आयुष्यात एकदाही शाळेत आले नाहीत, पण अंधार पडेपर्यंत ती नजरेखाली ठेवून होते.

आता जे सांगतो ते या पाच तांडेलांतही कोणाला माहीत नाही. दहावीच्या वर्षी एक अर्ज भरायचा होता. त्यात रकाना होता, वडिलांचा व्यवसाय. माझ्या बाकावर सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा बसायचा. मी लिहिलं, 'शेती'. सहीसाठी अर्ज घरी नेला. बाबांना सावकाश का होईना, वाचता यायचं. त्यांनी बोट ठेवून सगळा अर्ज वाचला. एवढंच म्हणाले, "शेती कुठं रं आपली?" आणि सही केली. सहीत 'तांडेल' हे अक्षर न् अक्षर नीट काढलं होतं. त्यानंतर तो विषय त्यांनी कधीच काढला नाही, आणि मीही नाही. आता ते नाहीत.

होडी हल्ली धाकटा भाऊ सांभाळतो, म्हणजे डिझेल, बर्फ आणि बँकेचे हप्ते. तो पाण्यात जात नाही. मी तर बँकेतूनच निवृत्त झालो! होडीवरचा तांडेल दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, आडनाव वेगळं, माणूस हुशार. खडक तो यंत्रावर पाहतो. त्याला मी छपराची खूण सांगितली, तर त्याने हसून विचारलं, "कुठलं छप्पर?" खरंच आहे, शाळेवर स्लॅब पडून किती वर्षं झाली.

गावी आलो की संध्याकाळी बंदरावर जातो. कोणीतरी "ओ तांडेल!" अशी हाक मारतं आणि मी मागे वळतो. हाक त्याला असते.