दातांमधली फट आणि तिचं माप

टूथब्रश कितीही फिरवला तरी त्याचे केस दोन दातांच्या मध्ये पोहोचत नाहीत, आणि हिरड्यांचं दुखणं बहुधा तिथूनच सुरू होतं. म्हणून साधन फटीच्या मापानं निवडावं. फट असेल तिथे बारीक इंटरडेंटल ब्रश. तो किंचित अडत आत जावा, पण त्याची तार दाताला घासू नये. दात घट्ट चिकटलेले असतील तिथे फ्लॉसचा दोराच. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात फ्लॉसपेक्षा इंटरडेंटल ब्रशचं पारडं थोडं जड ठरलं, पुरावा मात्र कच्चाच. ‘अशा सफाईनं फटी वाढतात, रक्त येतं’ असं अनेकजण म्हणतात. खरं तर सूज उतरल्यावर आधीचीच फट उघडी दिसते. रक्तही बहुधा सुजलेल्या हिरडीतूनच येतं आणि नियमित सफाईनं सहसा थांबतं. थांबलं नाही, तर दंतवैद्यांना दाखवा. फटीत टाचणी मात्र कधीच घालू नका.