म्हाताऱ्यांसाठी मराठी

(अमरावती येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या शिबिरात चीनच्या कन्फ्यूशियसवर आपली चर्चा झाली. तेव्हा दर्यापूरकडच्या एका कार्यकर्तीनं विचारलं होतं, "ताई, चीनचं समजलं. पण आपल्या वऱ्हाडात असा कोणी झालाच नाही काय, ज्याच्या शिकवणीचा समाजावर परिणाम झाला?" प्रश्न तिथेच राहिला आणि आज माझ्या गळ्यात पडला. मी काही पंथाची अभ्यासक नव्हे. एम.एस.डब्ल्यू. करून बारा वर्षं अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत बचत गटांचं आणि कौटुंबिक सल्ल्याचं काम करते. तेव्हा जे बोलेन ते बायकांच्या बाजूनं वाचलेलं बोलेन.

आज ज्या नवीन आल्या आहेत त्यांच्यासाठी चीनचं थोडक्यात सांगते. कन्फ्यूशियस इ.स.पू. ५५१ मध्ये जन्मला आणि ४७९ मध्ये वारला. त्याची वचनं पुढे शिष्यपरंपरेनं गोळा केली. माणसानं आपापल्या नात्याचं कर्तव्य नीट पाळलं तर घर नीट चालतं आणि घर नीट चाललं तर राज्य नीट चालतं, असा त्या शिकवणीचा गाभा. त्याच्या परंपरेनं नाती पाच मोजली: राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला भाऊ-धाकटा भाऊ आणि मित्र-मित्र. यातलं बरोबरीचं नातं फक्त शेवटचं. बाकी चारांत एक वर आणि एक खाली. त्याच्या शिष्यांत एकाही बाईचं नाव नाही.

पुढे हान घराण्याच्या सम्राटांनी ही शिकवण राज्याची म्हणून उचलली. सरकारी नोकरीच्या परीक्षा याच ग्रंथांवर होऊ लागल्या, त्या १९०५ साली बंद झाल्या. म्हणजे शतकानुशतकं ज्याला साहेब व्हायचं त्याला हे पाठ करावं लागे. बाईनं लहानपणी बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं आणि विधवा झाल्यावर मुलाचं ऐकावं, हा नियम याच परंपरेच्या आचारग्रंथांतला. ऐकल्यासारखं वाटतं ना? आपल्या मनूचं आणि यांचं काही पत्रव्यवहारानं ठरलं नव्हतं, पण दोघांची गाडी एकाच स्टेशनावर आली. बान झाओ नावाची एक मोठी विदुषी तिथे होऊन गेली. स्वतः विधवा. भावाचा अर्धा राहिलेला इतिहासग्रंथ तिनं पुरा केला. आणि तिनंच बायकांनी नमून कसं वागावं याचं पुस्तक लिहिलं, जे पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलींना शिकवलं गेलं. मुलींनाही मुलांसारखं वाचायला शिकवा, असं तिनं त्याच पुस्तकात म्हटलं होतं. ते मात्र फारसं कुणी मनावर घेतलं नाही. दुसरं लग्न न करणाऱ्या विधवांच्या नावानं सरकारी कमानी उभ्या राहिल्या. दक्षिण कोरियात कुटुंबाचा प्रमुख पुरुषच, अशी नोंदणीची कायदेशीर पद्धत होती. ती तिथल्या बायकांनी लढून मोडली. २००५ साली न्यायालयाचा निकाल झाला आणि २००८ पासून ती पद्धत गेली. इतका लांब हात असतो अशा शिकवणीचा.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. २०२४ पासून तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, म्हणून हल्ली पेपरात नाव येतं. पण त्या गावाचं मोठेपण तेराव्या शतकातलं आहे. तिथे गोविंदप्रभू नावाचे एक सत्पुरुष राहत. लोक त्यांना वेडे म्हणत. ते कुठेही फिरत, कुणाच्याही घरात शिरत, अस्पृश्यांच्या घरीही जात आणि तिथलं खात. गावातल्या बायका अडल्यानडल्या की त्यांच्याकडे धाव घेत. गाव त्यांना आईही म्हणे आणि बापही म्हणे. या गोविंदप्रभूंना गुरू मानणारे चक्रधर. मूळचे गुजरातचे, प्रधानाच्या घरातले. घरदार सोडून रिद्धपूरला आले आणि पुढे महाराष्ट्रभर पायी फिरले. त्यांच्यापासून महानुभाव पंथ उभा राहिला.

चक्रधरांनीही स्वतः ग्रंथ लिहिला नाही. इथपर्यंत कन्फ्यूशियसशी जुळतं. पण फरक पाहा. चक्रधरांच्या भोवती पहिल्यापासून बायका आहेत. बाइसा, महदाइसा, उमाइसा, आबाइसा. त्या नुसत्या दर्शनाला येऊन जात नाहीत. सोबत चालतात, भिक्षा मागतात, प्रश्न विचारतात, संन्यास घेतात. बायकांना धर्माचा अधिकार कसा, अशी शंका निघाली तेव्हा चक्रधरांनी उलट विचारलं, की पुरुषाचा जीव तेवढा जीव आणि बाईचा काय लहानसा जीव? ही गोष्ट तेराव्या शतकातली आहे. मी वाचली तेव्हा दोनदा वाचली.

आणि विटाळाची गोष्ट. 'लीळाचरित्रा'त चक्रधर सांगतात ते असं: शरीराला नऊ द्वारं आहेत, नाकाला शेंबूड येतो, डोळ्याला चिपडं येतात, कानाला मळ येतो, तसंच पाळीचं. त्यात विटाळ मानण्यासारखं काही नाही. हे मी बाळापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. ओसरीवर बैठक होती आणि एक तरुण सून पायरीशी, सगळ्यांपासून हातभर लांब बसली होती. का ते विचारायची गरज नव्हती. मी सांगून झाल्यावर एक आजी म्हणाल्या, "खरं हाय माय. नाकाले शेंबूड आला तं नाकाले कोणी घराबाहेर बसवते काय?" सगळ्या हसल्या. पायरीवरची मात्र म्हणाली, "ताई, हे तुमी आमच्या सासूले सांगा. आमाले तं पटतेच." त्या दिवशी ती तिथेच बसली. पुढच्या बैठकीला चटईवर येऊन बसली, पण ती पाळीत होती की नव्हती, हे मी विचारलं नाही. हिशेबाच्या वहीवर सही करायला तिला पुढे यावंच लागतं. वहीला शिवायला कुणी हरकत घेतली नाही. पैशाच्या वहीला विटाळ होत नाही, हे मी इतक्या गावांत पाहिलं आहे की आता त्याचं आश्चर्यही वाटत नाही.

महदाइसेबद्दल जरा जास्त बोलते, कारण ती माझी आवडती आहे. ती बालविधवा. नागदेवाचार्यांची चुलत बहीण. सारखे प्रश्न विचारणारी. पंथाच्या ग्रंथांत तिच्या जिज्ञासेचं कौतुक आहे. एकदा रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या मनात आलं, आपलं लग्न करायचं. भक्तांनी लग्नाचा थाट मांडला आणि गाणी म्हणायला सांगितलं महदाइसेला. तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचून म्हटली. तेच तिचे 'धवळे'. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ती हीच.

यात मला दोन गोष्टी दिसतात. लग्नमांडवात विधवेनं पुढे येऊ नये, हळद लावू नये, ओटी भरू नये, हे आपल्या डोळ्यांसमोर आजही चालतं. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली केला आणि मग शासनानं परिपत्रक काढलं. तिकडे सातशेहून जास्त वर्षांपूर्वी एक विधवा लग्नाची गाणी म्हणते आहे आणि तिला सांगणारा तिचा गुरू आहे. दुसरी गोष्ट रुक्मिणीची. ती आपल्याच जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरची मानतात. अंबादेवीच्या देवळातून कृष्णानं तिला नेलं, ही कथा अमरावतीच्या पोरीसोरींना पाठ आहे. भावानं ठरवलेलं स्थळ नाकारून स्वतः निरोप पाठवणारी मुलगी. तिची पूजा करणाऱ्या आपल्या जिल्ह्यात मुलीनं असा निरोप पाठवला तर काय होतं, हे सल्ला केंद्रात बसणाऱ्या तुम्हाला मी काय सांगू?

चक्रधर गेल्यावर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशवराज म्हणून एक संस्कृतचे मोठे पंडित पंथात होते. त्यांना पंथाचं शास्त्र संस्कृतात लिहायचं होतं. नागदेवाचार्यांनी थांबवलं. त्यांचं म्हणणं, असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. किती नेमका शब्द! ज्ञान तिच्या भाषेत न ठेवणं म्हणजे तिला लुबाडणं. आपण कोर्टाचे कागद, बँकेचे फॉर्म आणि दवाखान्याची चिठ्ठी घेऊन रोज याच म्हाताऱ्यांबरोबर रांगेत उभ्या असतो. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, माणसांना विचारून चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ते 'लीळाचरित्र', मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ. त्यात बायकांनी सांगितलेल्या आठवणी आहेत. पुढे आक्रमणांच्या धामधुमीत पोथी हरवली आणि लोकांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली. त्यातला एक पाठ हिराइसा नावाच्या बाईच्या नावानं ओळखला जातो.

मग एवढं सगळं असूनही आपला समाज असा का राहिला? त्याच काळात देवगिरीच्या दरबारात हेमाद्री नावाचा मोठा अधिकारी होता. त्यानं 'चतुर्वर्गचिंतामणी' नावाचा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ केला. त्यातला एक अख्खा खंड व्रतांचा. कोणत्या तिथीला काय करायचं, काय खायचं, काय दान द्यायचं. चक्रधर सांगत होते की व्रतं आणि क्षेत्रं यांनी सुटका नाही. पंथाच्या परंपरेत हेमाद्रीचं नाव छळ करणाऱ्यांत येतं, आणि बायका चक्रधरांच्या मागे जातात हा त्या रागाचा एक भाग होता असंही सांगतात. आज आपल्या घरांत कोण जिंकलं, हे श्रावणातल्या कोणत्याही मंगळवारी बघावं. कन्फ्यूशियसच्या शिकवणीला सिंहासन मिळालं. चक्रधरांच्या लोकांनी चौदाव्या शतकात आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण बाहेरच्या म्हाताऱ्यांना बंद झाल्या. त्या लिपीची उकल विसाव्या शतकात झाली. आपल्या भागातले य. खु. देशपांडे आणि वि. भि. कोलते यांनी त्यावर आयुष्यं घातली, तेव्हा तुम्हाआम्हाला महदाइसा भेटली.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर भाषण आरतीसारखं होईल. पंथाच्या 'सूत्रपाठा'त पुरुष साधकांना बजावलं आहे की बाई ही सगळ्यांत जबर नशा, इतर नशा घेतल्यावर चढतात, ही नुसत्या दिसण्यानं चढते. साधकाचं मन चळतं हा साधकाचा प्रश्न. पण नाव बाईचं. म्हणजे मोक्षाच्या दारात ती बरोबरीची, आणि वाटेवर मात्र ती धोका. बाइसाचं पाहा. इतकी जवळची शिष्या, पण पानोपानी ती चक्रधरांच्या जेवणाखाणाची काळजी घेताना दिसते. घर सोडलं तरी चूल सुटली नाही.

शिवाय त्या बायका कोण होत्या? पुष्कळशा ब्राह्मण घरातल्या, त्यांतही विधवा बऱ्याच. ज्यांना घरात जागा उरली नव्हती त्यांना तिथे जागा मिळाली, ही फार मोठी गोष्ट. पण लेकुरवाळी, शेतात राबणारी, दारुड्या नवऱ्याचा मार खाणारी बाई संन्यास घेऊन निघू शकत नव्हती. तिला घरात राहूनच बरोबरी हवी होती. तिचा प्रश्न आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून मांडला, आणि तो मांडताना त्यांनी कुणा गुरूची परवानगी घेतली नाही. पंथाकडून मला हवी आहे ती महदाइसेची विचारायची सवय आणि नागदेवाचार्यांची म्हाताऱ्यांची आठवण. नशेचं सूत्र त्यांच्याकडेच राहू द्या.

काही जणी विचारतील, धर्मात शिरायचंच कशाला, कायदा पुरे. मला तसं वाटत नाही. वारसाहक्काचा कायदा मी गावात समजावते तेव्हा बाया माना डोलावतात आणि हक्कसोडपत्रावर सही करून येतात. का सही केली विचारलं तर कुणी कायद्याचं कलम सांगत नाही. "भावाचं घर तुटन", असं सांगतात. ते बोलणं कुठल्या तरी शिकवणीतूनच आलेलं असतं. तिथे बोलायला आपल्याजवळ इथल्याच मातीतलं काही असलं तर ऐकून घेतात, एवढा माझा अनुभव आहे. सासू ऐकेलच असं नाही.

उद्या आपण रिद्धपूरला जाणार आहोत. तिथे पंथातल्या संन्यासिनी भेटतील. त्यांना आपले प्रश्न विचारा, पण आधी त्यांचं ऐका. त्यांनी घर का सोडलं, शिकल्या किती, पोथी कुणी वाचायला शिकवली, आजारपणात कोण बघतं, निर्णय कोण घेतं. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी न यायचं कारण नाही, हे वेगळं सांगायला नको. एसटी सकाळी सातला आहे, डबे बरोबर घ्या. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, मागच्या ओळीपासून सुरुवात करू.