दूध, दर आणि मालकी



शेतीमालावर उभा राहिलेला व्यवसाय लहान शेतकऱ्याच्या हिताचा होऊ शकतो काय, हा प्रश्न आज अनेक विकसनशील देशांपुढे आहे. बडोदेकरांना त्याच्या उत्तरासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आणंद आगगाडीने तासाभराच्या आत येते. शिवाय सहकाराचे बीज या नगरीत फार आधी पडले होते. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ साली येथे अन्योन्य सहायकारी मंडळी स्थापन झाली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाही झालेला नव्हता. तो १९०४ साली आला. त्या मंडळीत मध्यमवर्गीय महाराष्ट्रीय कुटुंबे एकत्र आली होती. पुढे खेडा जिल्ह्यात एकत्र आला, तो एक-दोन म्हशी बाळगणारा शेतकरी.

१९४५ साली मुंबई सरकारने आणंदचे दूध शहरात आणण्याची योजना आखली आणि पुरवठ्याचे काम पोल्सन कंपनीकडे सोपवले. कंपनी अकार्यक्षम होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नासणारी वस्तू चारशेहून अधिक किलोमीटर धड पोहोचवणे हे सोपे काम नव्हे. परंतु त्या कार्यक्षमतेचे फळ गोठ्यापर्यंत पोहोचत नव्हते. धान्य कोठारात ठेवून भावाची वाट पाहता येते. दुधाला थांबता येत नाही. घेणारा एकच असला की दर तोच ठरवतो.

सरदार पटेलांनी शेतकऱ्यांना सल्ला दिला, की विक्रीची व्यवस्था स्वतःच्या हाती घ्या. मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत जानेवारी १९४६ मध्ये समरखा येथे सभा झाली. पंधरा दिवस दुधाचा संप चालला; घरोघरी दूध वाया गेले, पण योजनेला मिळाले नाही. अखेर सरकार नमले आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल गावोगाव पायी हिंडून मंडळ्या उभारीत होते. १९४९ साली आणंदच्या सरकारी क्रीमरीत आलेले तरुण अभियंते वर्गीस कुरियन यांना त्यांनीच संघात ओढून घेतले.

या संस्थेचे खरे मर्म भाषणांत सापडत नाही, ते गावातल्या संकलन केंद्रावर सापडते. सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाई, स्निग्धांश तपासला जाई आणि त्यावर दर ठरे. सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हातात पडत. सभासदाने आणलेले चांगले दूध नाकारायचे नाही, हा दंडक होता. थंडीत म्हशींचे दूध वाढते, मुंबईची मागणी मात्र तेवढीच राहते. मग जादा दुधाचे काय करायचे? म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी नेहरूंच्या हस्ते नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. तो कारखाना कोणाची हौस नव्हती. घेऊ म्हटलेले दूध हिवाळ्यातही घ्यायचे, तर त्यावाचून गत्यंतर नव्हते. जनावरांचे फिरते डॉक्टर आणि पशुखाद्याचा कारखानाही याच गरजेतून आला.

'मंथन' हा चित्रपट १९७६ साली याच चळवळीवर निघाला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो उभा केला, आणि पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांनी सहकाराची आरती ओवाळली नाही, हे बरे झाले. गावातली जात, सरपंचाची सत्ता आणि व्यापाऱ्याचे कर्ज सोसायटीच्या दारात कसे उभे राहते, ते त्यांनी दाखवले.

हा नमुना सर्वत्र लागू पडतो, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तेलबियांच्या क्षेत्रात तोच मार्ग धरला. १९८८ साली 'धारा' तेल बाजारात आणले. नाव घरोघरी पोहोचले, पण दुधाइतके यश आले नाही. तेलबिया वर्षातून एक-दोनदा हाती येतात. सभासदाचे मंडळीशी दुधासारखे रोजचे नाते जुळत नाही. व्यापाऱ्याला साठा करता येतो, आणि अडचणीच्या वेळी आगाऊ रक्कम देऊन तो शेतकऱ्याला बांधून ठेवतो. ऊस उत्पादकांचे सहकारी कारखाने महाराष्ट्रात वाढले. पण उसाला जमीन आणि पाणी लागते. म्हैस भूमिहीनाच्याही दारी बांधता येते.

आज गुजरातच्या महासंघाशी सुमारे छत्तीस लाख उत्पादक जोडलेले आहेत. चारा आणणे, शेण काढणे, धार काढणे ही कामे बहुतेक घरांत प्रथमपासून स्त्रियांचीच. सभासदांच्या वहीत नाव मात्र दीर्घकाळ पुरुषाचे लिहिले गेले, आणि पैसेही त्याच्याच हाती पडले. पुढे काही गावांत केवळ स्त्रियांच्या मंडळ्या निघाल्या. आता रक्कम बँकेच्या खात्यात जमा होते. ते खाते घरातल्या कोणाच्या नावावर आहे, हे प्रत्येक गावात विचारले गेले पाहिजे.