ॲप आपल्यासाठी, तर आधी आपल्याला विचारा

आज मोबाइलमधल्या वहीबद्दल बोलू.

आमच्या एका गटातल्या बाईचा कर्जाचा हप्ता ॲपमध्ये थकलेला दिसला. ती तर मिरच्या निवडायच्या मजुरीतून दर महिन्याला पैसे भरत होती. गटाची वही काढली, त्यात पावती अन् सही सापडली. त्याच नावाच्या दुसऱ्या बाईच्या खात्यावर नोंद गेली होती. वही नसती तर बिचारी खोटी ठरली असती.

ॲप बनवणारा शहरात बसतो, वापरणारी गावात. मधे कुणी विचारलं नाही तर काय होतं? अंगणवाडीच्या ताईंचं बघा. मार्च 2021 मध्ये पोषण ट्रॅकर ॲप आलं. माहिती इंग्रजीत भरायची होती. हातातले मोबाइल 2019 साली मिळालेले, 2 जीबी रॅमचे. ते गरम व्हायचे, अडकायचे. शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभर सेविकांनी मोबाइल परत केले. अडचण शिकण्याची नव्हती, भाषेची अन् फोनची होती. आता ते ॲप मराठीतही आहे. हेच पहिल्या दिवशी असतं तर?

रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरही 1 जानेवारी 2023 पासून ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. फोटो चढला नाही, तर घाम गाळलेल्या बाईने दाद कुठे मागायची?

आपल्या गटांचा हिशेबही आता लोकोस ॲपमध्ये जातो. म्हणून कुणीही नवं ॲप घेऊन आलं की गटाच्या बैठकीत हे विचारा:

मराठीत आहे का? आपल्या भागात घरी तेलुगू बोलणाऱ्या बायाही आहेत, त्यांना कोण समजावणार?

रेंज नसताना चालतं का? जुन्या फोनवर चालतं का?

जिच्याकडे फोनच नाही, तिची नोंद कशी होणार?

नाव किंवा आकडा चुकला तर दुरुस्ती कोण करणार, किती दिवसांत?

आपली माहिती कोण कोण बघणार?

आणखी एक सांगा त्यांना. सगळ्या तालुक्यात एकदम सुरू करू नका. आधी एका गटात दोन-तीन महिने चालवा. सगळ्यात जुना फोन अन् कमी शिकलेली बाई, यांच्यापासून सुरुवात करा. तिला जमलं तर सगळ्यांना जमेल. ती अडली तर ॲप बदला, बाईला नावं ठेवू नका.

आपणही दोन गोष्टी पाळू. सीआरपी ताईंनी नोंद भरली की बैठकीतच मोठ्याने वाचायला लावायची, अन् वहीशी ताडून बघायची. ओटीपी मात्र फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

ॲप आलं म्हणून वही बंद करू नका, मैत्रिणींनो. आमच्या त्या बाईची अब्रू वहीनेच राखली.