हॉकीचे मैदान आणि प्रेमकथा

प्रेमकथेला स्थळ लागते, काळ लागतो आणि सर्वांत अधिक अडचण लागते. नायक-नायिकेची भेट पहिल्या पानावर झाली आणि दुसऱ्या पानावर वडीलधाऱ्यांनी अक्षता टाकल्या, तर तिसरे पान उलटण्याचे श्रम कोण घेईल? म्हणूनच कथालेखकाचे निम्मे कौशल्य योग्य अडचण निवडण्यात खर्ची पडते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकारांना ही अडचण बर्फावरील हॉकीत सापडली आहे. एल केनेडी यांची ‘द डील’ ही कादंबरी २०१५ साली, रेचल रीड यांची ‘हीटेड रायव्हलरी’ २०१९ साली आणि हॅना ग्रेस यांची ‘आइसब्रेकर’ २०२२ साली निघाली. अशा कथांचा आता एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच बनला असून लहान गावातील हॉकी आणि प्रेम ही त्याची एक आवडती शाखा होय.

या लोकप्रियतेचे कारण केवळ खेळाडूचे रुंद खांदे हे नव्हे. कॅनडातील लहान गावात हिवाळा दीर्घ असतो आणि बर्फाचे क्रीडांगण हीच गावाची चावडी होऊन बसते. कुमार गटातील सोळा-सतरा वर्षांचे खेळाडू घर सोडून परगावच्या संघात जातात आणि तेथील एखाद्या कुटुंबात राहतात. परका मुलगा घरच्यासारखा होतो, सारे गाव त्याला नावाने ओळखू लागते आणि एके दिवशी संघाचे चालक त्याची दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून टाकतात. जवळीक आणि ताटातूट या दोन्ही गोष्टी खेळाच्या व्यवस्थेतूनच उद्भवतात. लेखकाला त्या ओढूनताणून आणाव्या लागत नाहीत.

भारतातील हॉकी मातीवर वाढली. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे भारताने पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मात्र कृत्रिम मैदान आले आणि खेडोपाडीच्या मातीवर शिकलेल्या पोरांना तो खेळ महाग झाला. तरीही प्रेमकथेला लागणारे सारे साहित्य येथे आहे. ‘सूरमा’ हा २०१८ सालचा हिंदी चित्रपट हरियाणातील शाहाबाद या लहान गावच्या संदीप सिंग यांच्या जीवनावर आधारलेला आहे. त्यातील नायक मैदानाकडे वळतो तो एका हॉकी खेळणाऱ्या मुलीच्या ओढीने. त्याच शाहाबादेत गाडा ओढून संसार चालविणाऱ्या बापाची मुलगी राणी रामपाल वाढली आणि २०२१ साली टोकियो येथे चौथ्या क्रमांकावर आलेल्या भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. चित्रपटातील प्रेमापेक्षा या मुलीची वाटचाल कमी रोमहर्षक आहे, असे कोण म्हणेल?

महाराष्ट्राच्या खाती या खेळाची पुंजी थोडी नाही. खडकीचे धनराज पिल्ले सर्वश्रुत आहेत. पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळविले. मराठी प्रेमकथेने मात्र मैदानाकडे पाहिले ते बहुधा ओझरते. ‘सैराट’ या २०१६ च्या चित्रपटाचा आरंभ गावच्या क्रिकेट सामन्याने होतो, आणि गावात मान कोणाचा व हुकूम कोणाचा, हे त्या सामन्यातच प्रेक्षकाला कळून चुकते. क्रीडांगण हे समाजाचे लहानसे चित्र असते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

आता अशी हॉकीची कथा मराठीत रचावयाची तर वसईचा परिसर तिला सर्वतोपरी अनुकूल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेल्या किल्ल्याची ही भूमी. केळीच्या बागा, पानवेलींच्या वाड्या आणि फुलांची शेती यांवर येथील कित्येक घरे पोसली गेली. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांच्या आपापल्या बोली. देवळाची घंटा आणि चर्चची घंटा एकाच वाऱ्यावर ऐकू येणारी. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. वाड्यांच्या शेजारी इमारती उठल्या. गाव शहर झाले, परंतु कोणाची मुलगी कोणाशी बोलत उभी होती, ही बातमी अजून गावाच्याच वेगाने घरी पोहोचते.

शिवाय येथे लोकलगाडी आहे. विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटर. विरारचा पृथ्वी शॉ लहानपणी याच मार्गाने वांद्र्यास क्रिकेट शिकावयास जात असे, आणि २०१३ साली त्याने शालेय सामन्यात ५४६ धावा काढल्या. तेव्हा समजा, पानवेलीच्या वाडीतील एखादी मुलगी हातात हॉकीची स्टिक घेऊन चर्चगेटजवळच्या महिंद्र स्टेडियमकडे निघाली. डब्यातील गर्दी, परतीचा उशीर, दारात वाट पाहणारी आई. तीच गाडी रोज पकडणारा, दुसऱ्या समाजातील एक तरुण. पुढे तिची निवड पुण्याच्या बालेवाडीतील क्रीडा प्रबोधिनीत होते किंवा खेळाच्या बळावर रेल्वेत नोकरी लागते. घरी त्याच वेळी स्थळे येऊ लागतात. एवढ्यावर कादंबरी उभी राहते. तिला खलपुरुषाची गरज नाही.

येथेच लेखकाची खरी कसोटी आहे. जुन्या कथांतून नायिका नायकाच्या विजयावर टाळ्या वाजवी आणि अखेरीस त्याच्या गळ्यात माळ घाली. पण जिच्या हाती स्टिक आहे, तिच्या कथेत प्रश्न उलटा होतो: सामना ती खेळणार, मग कडेला उभे राहण्याचे धैर्य त्याच्यात आहे काय? “लग्नानंतर खेळ पुरे,” हे वाक्य अनेक सुशिक्षित घरांत अगदी मायेने उच्चारले जाते. ते बोलणारा माणूस दुष्ट नसतो, म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण जाते. कित्येक मुलींचा खेळ गुडघा दुखावल्याने थांबत नाही. तो या मायेच्या वाक्यापाशी थांबतो.

प्रेमकथा करमणुकीसाठी वाचली जाते हे खरे. परंतु कोणत्या वागण्याला प्रेम म्हणावे, हे तरुण मने पुष्कळदा तिच्यातूनच शिकतात. जे प्रेम स्टिक खाली ठेवण्याची अट घालते ते प्रेम नव्हे, एवढे जरी वसईच्या मातीतील एखाद्या कादंबरीने सांगितले, तरी तिचे सार्थक होईल. आणि ती कादंबरी ज्या घरात वाचली जाईल, त्या घरातील मुलीला संध्याकाळच्या सरावास जाताना दारात अडविणारा हात कदाचित क्षणभर थबकेल.