परसातली फळझाडे : अंतर आणि शेजार



अकलूज-माळीनगरचा पट्टा म्हटला की ऊस आठवतो. पण नीरेच्या कालव्याखालच्या या गावांत घरामागे गुंठा-दोन गुंठे मोकळी जागाही असते. तिथे घरच्यांना बारमाही फळ मिळावे म्हणून कशी लागवड करावी, ते आज सांगतो.

रोपवाटिकेतून आणलेले कलम हातभर असते. त्यामुळे जागा भरपूर वाटते आणि चार-चार फुटांवर सात-आठ कलमे लागतात. पाचव्या वर्षी फांद्या फांद्यांत शिरतात. पेरू उजेडासाठी वर पळतो आणि फळे शेंड्यालाच लागतात. डाळिंबाच्या झाडात वारा खेळत नाही, ओल टिकते आणि तेल्या रोग फोफावतो. म्हणून लावताना दोन गोष्टी पाहाव्यात : झाड दहाव्या वर्षी केवढे होणार, आणि त्याची तहान शेजारच्या झाडाशी जुळते का.

पहिली गोष्ट अंतराची. मोकळ्या वाढणाऱ्या आंब्याला आणि चिकूला तीस-तीस फूट लागतात. परसात दरवर्षी छाटणी करणार असाल, तर वीस-पंचवीस फुटांत भागते. पेरूला वीस फूट सांगतात. छाटून ठेवला तर पंधरा पुरतात. लिंबू आणि सीताफळ पंधरा फुटांवर लावावे. डाळिंबाच्या बागेत दोन ओळींत साडेचार मीटर आणि दोन झाडांत तीन मीटर, म्हणजे साधारण पंधरा बाय दहा फूट ठेवतात. सोलापूरला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथला सल्ला जरूर घ्यावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे हिच्याकडे दुर्लक्ष होते, कारण कालव्याचे पाणी आले की सगळ्या आळ्यांत सारखेच सोडले जाते. डाळिंब आणि लिंबू ताणावर फुलतात. पावसाळा सरताना लिंबाला ताण बसला, की हस्त बहार धरतो आणि लिंबे ऐन उन्हाळ्यात हाती येतात. आंब्यालाही मोहोराआधी पाणी तोडावे लागते. केळीला मात्र सतत ओल हवी. डाळिंबाशेजारी केळ लावली, तर डाळिंबाला ताणच बसत नाही. ते नुसते पाल्यावर जाते.

आता दोन गुंठ्यांचा आराखडा पाहू. जागा पूर्व-पश्चिम सहासष्ट फूट आणि दक्षिणोत्तर तेहतीस फूट आहे, असे धरा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेला पडते. म्हणून उंच झाडे उत्तरेच्या बाजूला घ्या : वायव्येला केशर आंबा, ईशान्येला कालीपत्ती चिकू, दोघांत किमान पंचवीस फूट. दक्षिणेच्या ओळीत पश्चिमेकडून सीताफळ, डाळिंब, लिंबू आणि पेरू, पंधरा-पंधरा फुटांवर. पेरूत सरदार घ्या; पुण्याच्या गणेशखिंड बागेत निवडलेली ही जात आहे. न्हाणीचे पाणी चिकूच्या बाजूला काढा आणि केळी तिथेच लावा. आंबा-चिकूच्या मधल्या रिकाम्या जागेत पपई चालते. मोठी झाडे पसरेपर्यंत ती दोन-तीन वर्षे फळ देऊन मोकळी होते. तिच्या बुंध्याशी पाणी मात्र साचू देऊ नका, बुंधा कुजतो.

खड्डे उन्हाळ्यातच घेऊन तापू द्यावेत. आंबा-चिकूला तीन फुटी, बाकीच्यांना दोन फुटी. पोयट्याची माती आणि कुजलेले शेणखत भरून पहिल्या चांगल्या पावसानंतर लागवड करावी. पिशवी फाडून मुळांभोवतीचा गड्डा न फोडता कलम ठेवावे, जोड जमिनीच्या वर राहू द्यावा. चिकूचे कलम खिरणीवर बांधलेले असते. जोडाखाली खिरणीचे फुटवे आले की लगेच काढावेत, नाहीतर चिकू मागे पडतो आणि खिरणीच वाढते. लिंबाला दुहेरी आळे करावे : आतले बुंध्याभोवती कोरडे, पाणी बाहेरच्या आळ्यात. बुंधा कोरडा राहिला की डिंक्याची भीती कमी होते.

श्रोतेहो, यंदा खड्डे घेण्याआधी चुन्याची फक्की घ्या आणि प्रत्येक झाडाचा पूर्ण वाढीचा घेर जमिनीवर आखा. दोन घेर एकमेकांत शिरत असतील, तर एक कलम कमी आणा. दोन गुंठ्यांत सहा मोठी झाडे पुरेशी आहेत.